रेडिओने उसनी घेतलेली बॅटरी

छत्रपती संभाजीनगरात पैठण गेटच्या मोबाइल बाजारातून आणलेला एक छोटा रेडिओ मी मागून उघडला. आत नोकियाच्या फोनची बीएल-५सी बॅटरी होती. मग इतर रेडिओ पाहिले. टेकसन पीएल-३३० आणि पीएल-३६८ या शॉर्टवेव्हवाल्यांच्या आवडत्या संचांतही तीच. फोनची बॅटरी रेडिओत शिरली कशी?

चार्जिंग रेडिओला नवं नाही. आपल्या शहरात निजामाचं रेडिओ केंद्र होतं आणि १९५० साली ते आकाशवाणीकडे आलं, तो काळ व्हॉल्व्हचा. वीज नसेल तिथे व्हॉल्व्ह तापवायला २ व्होल्टची शिसे-आम्लाची बॅटरी लागे. ती उतरली की दुकानात नेऊन भरून आणायची. १९५४ मध्ये ट्रान्झिस्टर रेडिओ बाजारात आला आणि भरून आणायची बॅटरी मागे पडली. पुढे राज्य चाललं ते सेलचं. सेल उतरले की उन्हात ठेवायचे, हे आपल्याकडे घरोघरी चाले.

खरं तर स्वीडनच्या युंगनरने पुन्हा भरता येणारी निकेल-कॅडमियम बॅटरी १८९९ मध्येच शोधली होती. निकेल-मेटल हायड्राइड १९८९ च्या सुमारास विक्रीला आली. तरी रेडिओत हे सेल रुळले नाहीत. सांगतात असं, की दीडऐवजी १.२ व्होल्ट कमी पडतात. मला ते पटत नाही. साधा सेलही वापरता वापरता १.२ च्या खाली जातो आणि चांगला रेडिओ तरीही वाजतो. खरी खोट वेगळी होती: रेडिओ वीज जपून खातो, सेल महिनोन्‌महिने आत राहतात, आणि हे सेल नुसते पडूनच उतरतात. सान्योच्या एनेलूप सेलने २००५ मध्ये ही खोट भरून काढली, पण तोवर बीएल-५सी सर्वत्र पसरली होती. २००३ च्या नोकिया ११०० मध्ये हीच होती, आणि तो फोन २५ कोटींहून अधिक विकला गेला.

काहींच्या मते २००७ मध्ये नोकियाने परत मागवलेल्या ४ कोटी ६० लाख बीएल-५सी पुढे रेडिओत खपवल्या गेल्या. हिशेब जुळत नाही. तो माल डिसेंबर २००५ ते नोव्हेंबर २००६ मधला, आणि पीएल-३३० आला त्यानंतर सुमारे दीड दशकाने. इतकी वर्षं पडून राहिलेली लिथियम बॅटरी कामाची राहत नाही. जुन्या फोनमधल्या उरलेल्या बॅटऱ्यांवर एवढा उद्योग चालतो, हेही मान्य होण्यासारखं नाही.

माझं ठाम मत असं: रेडिओचा मेंदूच बदलला होता. एसआय४७३४ सारखी डिजिटल चिप २.७ ते ५.५ व्होल्टवर चालते. बीएल-५सी देते ३.७, पूर्ण भरल्यावर ४.२. तीन सेलचं काम एकीवर भागतं. शिवाय ही बॅटरी मागचं झाकण उघडून हाताने बदलता येते, कोणत्याही मोबाइल दुकानात मिळते आणि बाहेर काढून क्लिपच्या चार्जरवरही भरता येते. रेडिओ बनवणाऱ्याला बॅटरीचं दुकान मांडावंच लागलं नाही. नोकियाने ते आधीच मांडून ठेवलं होतं.

रेडिओ घेताना मागचं झाकण उघडून पाहा. हाताने निघणारी बॅटरी असेल तरच घ्या. फुगलेली बीएल-५सी मात्र एक दिवसही वापरू नका. कचऱ्यात न टाकता ई-कचरा घेणाऱ्याकडे द्या.