न्याय : अंतरवाली सराटीच्या संदर्भात

समान स्थितीतील माणसांना समान वागणूक, हा न्यायाचा सर्वमान्य अर्थ. खरा वाद समान कोण, यावर होतो. जालना जिल्ह्यातील अंतरवाली सराटी (ता. अंबड) येथे २०२३ मध्ये मनोज जरांगे पाटील यांनी केलेल्या उपोषणामुळे तो ऐरणीवर आला. १९४८ पर्यंत मराठवाडा निजामाच्या राज्यात होता; त्या काळच्या कुणबी नोंदींच्या आधारे मराठ्यांना कुणबी प्रमाणपत्रे आणि त्यांद्वारे इतर मागासवर्गीयांचे आरक्षण मिळावे, ही मागणी. केवळ जुन्या राज्यसीमेमुळे, विदर्भातल्या कुणब्याला मिळते ते इथल्या कुणब्याला नाकारणे अन्यायाचेच. पण नोंद पूर्वजांची ओळख सांगते, आजचे मागासलेपण नव्हे. जवळच्याच वडीगोद्रीला २०२४ मध्ये लक्ष्मण हाके उपोषणास बसले ते इतर मागासवर्गीयांच्या वाट्यासाठी, आणि तो आक्षेप द्वेषाचा म्हणून झटकता येत नाही : वाटा ठरलेला असताना वाटेकरी वाढले की कुणाचे तरी कमी होतेच.

कोरडवाहू शेतीची दैना उघड असताना नोंदीचा कागद कशाला, असे विचारले जाते. दैना खरीच, मात्र ती जात पाहून येत नाही. तिची दाद पाणी, शेतमालाचा भाव आणि पीककर्ज यांतून मागावी लागते. आरक्षण सामाजिक वंचनेवरचा उपाय आहे.