चोपन्न वर्षांची फुंक

क्रिस बार्बरच्या जॅझ बँडचं नाव इंग्लंडबाहेर पोचलं ते मुख्यतः दोन रेकॉर्डांमुळे. एक 'रॉक आयलंड लाइन', दुसरी 'पेतीत फ्लर'. गंमत अशी, की या दोन्हींत बँडचा ट्रम्पेटवादक एक सूरही वाजवत नाही. पहिलीत लॉनी डॉनेगन गिटार घेऊन गातो, बार्बर आपला ट्रॉम्बोन बाजूला ठेवून डबल बेस धरतो आणि बेरिल ब्रायडन नावाची गायिका कपडे घासायच्या पन्हळी पत्र्यावर बोटांनी ताल देते. दुसरीत मॉन्टी सनशाइनची क्लॅरिनेट एकटी गाते, मागे नुसती तालाची मंडळी. पॅट हॅलकॉक्स तेव्हा स्टुडिओच्या कोपऱ्यात चहा पीत बसला असेल, नाहीतर घरी निघून गेला असेल. आणि याच माणसाने पुढे ५४ वर्षं त्या बँडचा ट्रम्पेट सांभाळला.

माझे वडील पोलीस बँडमध्ये कॉर्नेट वाजवायचे. पंधरा ऑगस्ट, सव्वीस जानेवारी, कुणा मंत्र्याची सलामी, आणि सुट्टीच्या दिवशी ओळखीच्यांच्या वराती. परेडच्या रात्री त्यांचे ओठ सुजलेले असत. आई तूप लावायला द्यायची. पितळी वाद्य बोटांनी वाजत नाही, ओठांनी वाजतं, हे मला शाळेत जायच्या आधीपासून माहीत होतं. वडिलांचं एक म्हणणं होतं: उंच सूर कुणीही चार दिवस काढून दाखवतो, चाल शेवटपर्यंत न सोडणारा माणूस मिळत नाही. नोकरीनिमित्त मी बर्मिंगहॅमला आलो, इथेच निवृत्त झालो, आणि इथल्या जुन्या रेकॉर्डांच्या ढिगाऱ्यात मला तो चाल न सोडणारा माणूस सापडला.

हॅलकॉक्सचा जन्म १८ मार्च १९३०चा, लंडनच्या चेल्सी भागातला. बार्बर त्याच्याहून जेमतेम महिन्याने लहान. युद्धानंतरच्या त्या लंडनमध्ये विशीतली पोरं न्यू ऑर्लीन्सच्या जुन्या संगीताने झपाटली होती. अमेरिकेत त्या संगीताला लोक शिळं म्हणायला लागले होते. इथे मात्र तळघरांतल्या क्लबांत ते नव्याने पेटलं. जाणकार वाजवणारे ऐकायला मिळणं मुश्किल होतं, कारण १९३०च्या दशकापासून संगीतकारांच्या संघटनांच्या भांडणामुळे अमेरिकन बँडना ब्रिटनमध्ये वाजवायला जवळजवळ बंदीच होती. ती उठली १९५६मध्ये. तोवर ही पोरं शिकली ती सगळी रेकॉर्ड झिजवून. किंग ऑलिव्हर, लुई आर्मस्ट्राँग, जेली रोल मॉर्टन हे त्यांचे गुरू, आणि गुरूंचं दर्शन फक्त सुईच्या टोकाला.

१९५३च्या सुरुवातीला बार्बर आणि सनशाइन यांनी धंदेवाईक बँड काढायचं ठरवलं तेव्हा ट्रम्पेटवर हॅलकॉक्सच होता. पण त्याने नोकरी सोडायला नकार दिला. रसायनशास्त्राच्या संशोधनात तो उमेदवारी करत होता, आणि बँडच्या भरवशावर पोट भरेल याची कुणी हमी देत नव्हतं. मी स्वतः आयुष्य प्रयोगशाळेत काढलेला माणूस. हा नकार मला फार समजूतदार वाटतो. पण इतिहासात तो त्याला महाग पडला. कारण त्याची रिकामी जागा भरायला नेमका केन कॉल्यर उगवला.

कॉल्यरची कथा सिनेमात शोभेल अशी. व्यापारी जहाजावर नोकरी धरून तो अमेरिकेला गेला, अलाबामातल्या मोबिल बंदरात जहाज सोडून पळाला, बस पकडून न्यू ऑर्लीन्सला पोचला आणि तिथल्या म्हाताऱ्या कृष्णवर्णीय वादकांबरोबर वाजवू लागला. परवान्याची मुदत संपली, तुरुंगवास झाला, शेवटी परत पाठवणी. लंडनला उतरला तेव्हा तो काशीहून आल्यासारखा पूज्य झाला होता. बँड त्याच्या नावाने सुरू झाला. वर्षभरात बिनसलं. संगीत कसं असावं यावरून कॉल्यर आणि बाकीचे यांचं पटेना, आणि मे १९५४मध्ये कॉल्यर वेगळा झाला. बँड आता बार्बरच्या नावाचा झाला आणि हॅलकॉक्सला पुन्हा विचारणा झाली. या वेळी तो हो म्हणाला. तेव्हा तो २४ वर्षांचा होता.

जुलै १९५४मध्ये डेक्का कंपनीसाठी त्यांनी 'न्यू ऑर्लीन्स जॉइज' ही दहा इंची रेकॉर्ड केली. आठ तुकडे; त्यातले सहा पूर्ण बँडचे, आणि दोन डॉनेगनच्या गटाचे, ज्याला स्किफल म्हणत. त्या दोनांतलाच एक 'रॉक आयलंड लाइन'. पुढे तो वेगळ्या तबकडीवर निघाला, १९५६मध्ये विक्रीच्या यादीत चढला आणि ब्रिटनभरच्या शाळकरी पोरांनी गिटारी विकत घेतल्या. लिव्हरपूलच्या जॉन लेननने आपला स्किफलचा गट काढला तो याच लाटेत. पुढचं सगळ्यांना माहीत आहे. त्याच रेकॉर्डवर 'चाइम्स ब्लूज' आहे हे मात्र कुणी सांगत नाही. १९२३मध्ये किंग ऑलिव्हरच्या बँडने ही रचना मुद्रित केली तेव्हा आर्मस्ट्राँगने रेकॉर्डवरचं आपलं पहिलं एकल वादन त्यातच केलं होतं. म्हणजे नव्या बँडमध्ये दोन महिनेही झालेले नसताना या पोराने थेट त्या देवळाच्या गाभाऱ्यात पाय ठेवला.

आता मुद्द्याचं. या जुन्या पद्धतीच्या जॅझमध्ये पुढची तीन वाद्यं एकाच वेळी वाजतात आणि तिघंही मनाने वाजवतात. क्लॅरिनेट वरून वेलबुट्टी काढते, ट्रॉम्बोन खालून घसरत, हुंकार देत पोकळी भरतो, आणि मधोमध ट्रम्पेट चाल घेऊन चालतो. चाल जशीच्या तशी वाजवायची नाही. थोडी मागे रेलून, एखादा सूर गाळून, एखादा आधीच टाकून. पण ऐकणाऱ्याच्या मनातून ती हरवता कामा नये. आपल्याकडच्या भजनात एक आवाज असा लागतो की बाकीचे कितीही रंगले तरी तो मूळ चालीवरून ढळत नाही. तशातली ही जागा. जो ट्रम्पेटवाला आपलं कौशल्य दाखवायला जातो तो बाकी दोघांची जागा खातो. जो फार घाबरतो त्याच्या मागे बँड लंगडतो. हॅलकॉक्स या दोन्हींच्या मध्ये उभा राहायचा, आणि विश्रांती कुठे द्यायची हे त्याला फार चांगलं कळत होतं. दोन ओळींमध्ये तो श्वासाला थांबतो त्या जागी सनशाइनची क्लॅरिनेट अशी सहज शिरते, की आधी ठरवून ठेवलंय असं वाटावं.

नव्वदीच्या दशकात मी हा बँड इथल्या मध्य इंग्लंडमधल्या एका थिएटरात पुढच्या रांगेतून ऐकला. संगीत संपल्यावर लोक बार्बरच्या गप्पांबद्दल बोलत होते, मी मात्र सगळा वेळ हॅलकॉक्सकडे पाहत होतो. दुसऱ्याचं एकल वादन सुरू झालं की वाद्य खाली, एक पाऊल मागे. नळीच्या वाकणावरची छोटी कळ दाबून साचलेलं पाणी झटकायचं. ओठ एकमेकांवर हलके दाबून सैल करायचे. हे माझे वडीलही करायचे, सलामीच्या दोन धुनांमधल्या थांब्यात, साहेबाचं लक्ष नाही असं पाहून. मग भोंग्यात म्यूट बसवून गाणाऱ्याच्या ओळीमागे दोन-तीन सुरांची कुजबुज, आणि शेवटच्या आवर्तनाला म्यूट काढून ट्रम्पेट वर. आवाज एकदम दुप्पट होतो, पण कर्कश नाही. सत्तरीकडे झुकलेल्या ओठांनी हे रोज रात्री करणं काय असतं, ते आमच्या घरातल्या तुपाच्या वाटीला विचारावं.

मग हा माणूस झाकोळला कशाने? माझ्या मते, त्याच्याजवळ सांगण्यासारखी गोष्ट नव्हती. कॉल्यरजवळ न्यू ऑर्लीन्सचा तुरुंग होता. दुसरा ट्रम्पेटवाला हम्फ्री लिटल्टन इटनमध्ये शिकलेला, व्यंगचित्रं काढणारा, रेडिओवर वर्षानुवर्षं बोलणारा. तिसरा केनी बॉल, त्याचं 'मिडनाइट इन मॉस्को' १९६१मध्ये घराघरांत वाजत होतं. ॲकर बिल्क तर ट्रम्पेटवालाही नव्हता, पण त्याची गोल हॅट आणि जाकीट लहान पोरांनाही ठाऊक होतं. हॅलकॉक्सकडे यातलं काही नाही. कुणाशी भांडण नाही, वेगळा बँड काढून निघून जाणं नाही. डॉनेगन १९५६मध्ये गेला, सनशाइन साठच्या सुमारास गेला, गायिका ओटिली पॅटरसन आली, बार्बरशी लग्न झालं, मोडलं, तीही गेली. हा जागेवर. जो जागेवर राहतो त्याची बातमी होत नाही.

दुसरं असं, की बार्बरच्या बँडवर दोन्हीकडून टीका व्हायची. कॉल्यरचे भक्त म्हणत, हे फार घासूनपुसून घेतलेलं आहे, अस्सल नाही. आधुनिक जॅझवाले म्हणत, हे जुनंपुराणं. बार्बरने दोघांचं ऐकलं नाही. अमेरिकेतून त्याने सिस्टर रोझेटा थार्पला आणलं, सनी टेरी आणि ब्राउनी मॅगी यांना आणलं, १९५८मध्ये मडी वॉटर्सला विजेच्या गिटारीसह आणलं. गॉस्पेल आणि ब्लूज गाणाऱ्यांच्या मागे ट्रम्पेटने काय करायचं याची तयार रीत नव्हती. ती त्या त्या रात्री मंचावर शोधावी लागत होती. १९६४मध्ये जॉन स्लॉटरची विजेची गिटार बँडमध्येच कायमची आली. जुने चाहते चिडले. बीटल्स येऊन ट्रॅड जॅझची, म्हणजे या जुन्या पद्धतीच्या जॅझची, दुकानं एव्हाना बंद पडत होती. हा बँड टिकला तो जर्मनी आणि युरोपातल्या सततच्या दौऱ्यांवर आणि बदलायच्या तयारीवर. एलिंग्टनच्या रचना आल्या, १९८०मध्ये न्यू ऑर्लीन्सच्या डॉक्टर जॉनबरोबर रेकॉर्ड झाली. प्रत्येक वळणावर ट्रम्पेटची जागा नव्याने आखावी लागली आणि ती आखणारा माणूस एकच होता. याला मी पन्नास वर्षं एकच गोष्ट करणं म्हणणार नाही.

आपल्याकडेही असे ट्रम्पेटवाले होऊन गेले. हळदोण्याचा आंतोनिओ शाव्हिएर वाझ, मुंबईकरांचा चिक चॉकलेट, सी. रामचंद्रांबरोबर काम करायचा; 'अलबेला'त त्याचा बँड पडद्यावरही दिसतो. त्याचं निदान नाव तरी उरलं. त्याच्या मागे-पुढे स्टुडिओत वाजवून, ठरलेले पैसे खिशात घालून दादरची लोकल पकडणाऱ्या कित्येक गोवेकरांचं तेवढंही नाही. हॅलकॉक्सच्या रेकॉर्डांवर त्याचं नाव छापलेलं असतं, एवढाच फरक.

२००१मध्ये बार्बरने अकरा जणांचा मोठा बँड केला तेव्हा हॅलकॉक्स सत्तरी ओलांडून गेला होता. त्यातही तो वाजवत राहिला आणि २००८मध्ये निवृत्त झाला. ४ फेब्रुवारी २०१३ला तो वारला. बार्बर २०१९पर्यंत बँड चालवत होता, २०२१मध्ये तोही गेला. दोघांच्या मृत्यूनंतर वर्तमानपत्रांत आलेल्या लेखांत 'रॉक आयलंड लाइन' आणि 'पेतीत फ्लर' होतेच.

तुम्ही मात्र ती दोन सोडा. बार्बरच्या बँडने ३१ जानेवारी १९५८ला आमच्या बर्मिंगहॅमच्या टाउन हॉलमध्ये केलेल्या मैफलीचं मुद्रण मिळतं, ते ऐका. पहिल्यांदा ऐकताना एकल वादनांकडे लक्ष देऊ नका; कान शेवटच्या आवर्तनांवर ठेवा, जिथे तिघं एकदम सुटतात, आणि त्यात चाल कुणाच्या हातात आहे ते पाहा.