उपासनेनंतरचा चहा आणि प्रीतिभोजन: पथ्य कसे सांभाळावे?

तुमच्या घरात मधुमेह किंवा उच्च रक्तदाबाचा रुग्ण असेल, तर आठवडाभर पाळलेले पथ्य रविवारी चर्चमध्ये कसे मोडते हे तुम्ही पाहिले असेल. उपासना संपली की गोड चहा आणि बिस्किटे, अधूनमधून प्रीतिभोजन, आणि नाताळात घरोघरी करंज्या, शंकरपाळे, केक. नको म्हटले तर वाढणाऱ्या मावशींना वाईट वाटते. घेतले तर रक्तातील साखर वाढते. अशा वेळी रुग्णाला दटावून फारसे काही साधत नाही. पातेल्यात काय शिजते ते बदलणे जास्त सोपे.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशातील ११.४ टक्के प्रौढांना मधुमेह आहे, म्हणजे साधारण नवांत एकाला. त्यामुळे मंडळीच्या पंगतीत तुमचा रुग्ण बहुधा एकटा नसतो.

सुरुवात चहापासून

मोठ्या पातेल्यातला चहा साखर घालूनच उकळला जातो, त्यामुळे पिणाऱ्याला निवड उरत नाही. कपात दोन चमचे साखर म्हणजे ८ ते १० ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते वरून घातलेली साखर दिवसाला २५ ग्रॅमच्या आत राहिलेली बरी. चहा बिनसाखरेचा करून साखरेची वाटी बाजूला ठेवायला काहीच खर्च येत नाही. ‘शुगरवाल्यांचा वेगळा थर्मास’ मात्र टाळावा. चारचौघांत तो मागायला अनेकांना संकोच वाटतो. बिस्किटांऐवजी उकडलेले चणे, भाजलेले शेंगदाणे, पेरूच्या फोडी चालतात.

प्रीतिभोजनातले मटण किंवा पुलाव बंद करा असे सांगितले, तर कोणी ऐकणार नाही आणि तशी गरजही नाही. काकडी-टोमॅटो आणि भाजी आधी वाढा, भात शेवटी आणि लहान डावाने. पुऱ्या तळून उरलेले तेल पुढच्या जेवणासाठी ठेवू नका. मीठ दिवसाला ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे सपाट चमचाभर पुरे. पापड-लोणचे ताटात आपोआप न वाढता मागेल त्याला द्या. हंगामाच्या सणाला आलेल्या भाज्यांचा लिलाव करण्याची पद्धत असेल, तर त्यातल्या थोड्या त्याच दिवशीच्या जेवणासाठी राखता येतात.

एक सावधगिरी. बाजारातील ‘कमी सोडियमचे मीठ’ सामुदायिक स्वयंपाकात वापरू नका. त्यात पोटॅशियम असते. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांना, तसेच टेल्मिसार्टन, रॅमिप्रिल किंवा स्पायरोनोलॅक्टोनसारखी औषधे घेणाऱ्यांना ते धोक्याचे ठरू शकते.

अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या चर्चमध्ये ‘बॉडी अँड सोल’ नावाचा कार्यक्रम राबवला गेला. पाळकांचा पाठिंबा, माहितीचे कार्यक्रम, चर्चमधील जेवणात बदल आणि सभासदांनीच सभासदांना दिलेला आधार अशी त्याची चार अंगे होती. सहभागींच्या आहारात फळे-भाज्या वाढल्या. म्हणून पाळकसाहेबांशी आणि महिला मंडळाशी आधी बोला. स्वयंपाकाची सूत्रे बहुतेक ठिकाणी महिला मंडळाकडेच असतात.

लेंटचा उपवास आणि गुड फ्रायडे

खाण्याइतकेच न खाणेही त्रासाचे ठरते. गुड फ्रायडेची उपासना अनेक चर्चमध्ये दुपारी १२ ते ३ चालते. सकाळी इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेऊन दुपारचे जेवण टळले, तर साखर ७० च्या खाली जाऊ शकते. घाम, थरथर, छातीत धडधड, बोलण्यात गोंधळ ही त्याची लक्षणे. डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन घेणाऱ्यांनी दीर्घ उपवास केल्यास रक्तात आम्ल साठण्याचा धोका असतो.

म्हणून लेंट सुरू होण्याआधीच डॉक्टरांना भेटा आणि उपवासाच्या दिवशी कोणते औषध कमी करायचे, कोणते थांबवायचे ते विचारून घ्या. स्वतःच्या मनाने डोस बदलू नका. गरोदर स्त्रिया आणि टाइप १ मधुमेह असलेल्यांनी उपाशी राहू नये. जेवण न सोडता गोड किंवा मांसाहार सोडण्याचा पर्याय त्यांना असतो. त्याबद्दल पाळकांशी मोकळेपणाने बोलता येईल.

चर्चमध्ये ग्लुकोजची पुडी सहज सापडेल अशा जागी ठेवा. साखर कमी झाल्याची लक्षणे दिसली आणि रुग्ण शुद्धीवर असेल, तर तीन चमचे ग्लुकोज किंवा साखर पाण्यात विरघळवून द्या. १५ मिनिटांत बरे वाटले नाही तर पुन्हा द्या. बरे वाटल्यावर काहीतरी खायला द्या. रुग्ण बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नका. त्याला कुशीवर वळवा आणि १०८ ला फोन करा.