दोन पत्ते आणि चार चाली

दिवाळीत तीन पत्ती खेळणाऱ्या घरात तुम्ही वाढला असाल तर पोकर तुम्हाला अर्धं आधीच येतं. (नसाल वाढला, तर शेजारच्यांकडे डोकावून बघितलं असेलच!) तीन पत्ती इंग्रजांच्या 'ब्रॅग' नावाच्या खेळावरून आली, आणि पोकरच्या पूर्वजांमध्येही फ्रेंचांच्या 'पोक'बरोबर या ब्रॅगचं नाव घेतलं जातं. म्हणजे ही दोघं लांबची चुलत भावंडं. एक आपल्याकडे आलं, दुसरं मिसिसिपी नदीवर गेलं.

गेले काही वीकांत मी या दुसऱ्या भावंडाच्या नादी लागलोय. त्याच्या सगळ्यात लोकप्रिय अवताराचं नाव टेक्सास होल्डेम. नियम दहा मिनिटांत समजले, पण 'हे नियम असेच का?' हा इंजिनियरी किडा काही डोक्यातून जाईना. मग वाचत सुटलो. आणि वाचता वाचता एक गोष्ट लक्षात आली. होल्डेमचा इतिहास पत्त्यांचा नाहीच मुळी, तो चालींचा आहे. डावात टिकून राहायची किंमत किती, ती कोणी भरायची आणि किती वेळा, याचा तो इतिहास आहे.

सुरुवात एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या काही दशकांत, न्यू ऑर्लिन्स आणि मिसिसिपीवरच्या वाफेच्या बोटींवर. तेव्हाचं पोकर अगदीच साधं होतं. पत्ते फक्त २०, म्हणजे एक्का, राजा, राणी, गुलाम आणि दश्शी. चार जण बसायचे, प्रत्येकाला पाच पत्ते, की कट खलास. जे आलं त्यावर बोला. पुढे ५२ पत्त्यांचा कट आला, नको ते पत्ते टाकून नवे घ्यायची सोय आली (हे 'ड्रॉ' पोकर), मग काही पत्ते उताणे वाटायचं 'स्टड' आलं. १८६१ ते १८६५ च्या यादवी युद्धात सैनिकांच्या छावण्यांमधून हे सगळे प्रकार देशभर पसरले.

मग विसाव्या शतकाच्या सुरुवातीला टेक्सासात कोणीतरी डोकं लढवलं. कोणी, ते कुठेच लिहिलेलं नाही. पण रॉब्सटाऊन नावाचं गाव होल्डेमचं जन्मगाव आहे, असा ठराव टेक्सासच्या विधिमंडळाने २००७ मध्ये रीतसर केला. कल्पना साधी होती: प्रत्येकाला फक्त दोन पत्ते पालथे द्यायचे आणि पाच पत्ते मध्ये टेबलावर उताणे मांडायचे, सगळ्यांचे मिळून. आपले दोन आणि टेबलावरचे पाच, अशा सातांतून ज्याचे त्याने उत्तम पाच निवडायचे.

आता एक डाव खेळून बघू. वाटणारा कोण हे दाखवायला एक चकती असते, तिला बटन म्हणतात. दर डावाला ती डावीकडे सरकते. तीन पत्तीत सगळेच बूट टाकतात, इथे मात्र बटनाच्या डावीकडचे दोघंच टाकतात. पहिला स्मॉल ब्लाइंड, दुसरा बहुधा त्याच्या दुप्पट, बिग ब्लाइंड. (आपल्याकडे 'ब्लाइंड' म्हणजे पत्ते न बघता खेळणं. इथे पत्ते बघायच्या आधी सक्तीने टाकलेले पैसे.) मग दोन-दोन पत्ते वाटले जातात आणि पहिली चाल सुरू होते.

तुमची पाळी आली की पर्याय मोजकेच. समोर कोणाचीही चाल नसेल तर 'चेक' म्हणून गप्प बसा, नाहीतर 'बेट' लावा. चाल असेल तर तेवढेच टाका (कॉल), वाढवा (रेझ), नाहीतर पत्ते टाकून द्या (फोल्ड, म्हणजे आपलं पॅक). सगळ्यांचे पैसे सारखे झाले की चाल संपली. मग टेबलावर एकदम तीन पत्ते उघडतात, त्याला म्हणतात फ्लॉप. दुसरी चाल. चौथा पत्ता, म्हणजे टर्न. तिसरी चाल. पाचवा पत्ता, रिव्हर. चौथी आणि शेवटची चाल. तरीही दोघं-तिघं उरले असतील तर शो.

पानांचा क्रम असा: एकाच रंगाची सलग पाच पानं, मग चार सारखी, मग तीन सारखी अधिक जोडी म्हणजे फुल हाउस, मग कलर, मग सिक्वेन्स, तीन सारखी, दोन जोड्या, एक जोडी, आणि काहीच नसेल तर मोठा पत्ता. तीन पत्तीवाल्यांनी जरा थांबा! आपल्याकडे सिक्वेन्स कलरला मारते, इथे उलटं. आणि दोन्ही बरोबर आहेत. तीन पत्त्यांचे एकूण २२,१०० संच होतात, त्यात साध्या सिक्वेन्स ७२० आणि कलर १,०९६. पाच पत्त्यांचे संच २५,९८,९६०, त्यात सिक्वेन्स १०,२०० आणि कलर ५,१०८. जे दुर्मिळ ते मोठं. हे कळलं तेव्हा मला उगाच फार आनंद झाला :)

आता हिशोब बघा. जुन्या ड्रॉ पोकरमध्ये चाली दोनच, पत्ते बदलायच्या आधी एक आणि नंतर एक. होल्डेममध्ये चार. म्हणजे बोलायच्या, थापा मारायच्या, समोरच्याला चेपायच्या संधी दुप्पट. शिवाय सात पत्त्यांच्या स्टडमध्ये आठ जण शेवटपर्यंत टिकले तर ५६ पत्ते लागतील, कट अपुरा पडेल. होल्डेममध्ये? प्रत्येक उघडणीआधी एक पत्ता बाजूला टाकतात, तो धरूनही २२ जण बसू शकतात. ४४ अधिक ५ अधिक ३, बरोब्बर ५२! (प्रत्यक्षात नऊ-दहाच बसवतात.) खेळाडूला जास्त चाली, क्लबवाल्याला एका टेबलावर जास्त गिऱ्हाईकं. असं डिझाइन चाललं नसतं तरच नवल.

पण टेक्सासात जुगार बेकायदेशीर. त्यामुळे तिथले पट्टीचे खेळाडू गावोगाव फिरून मागच्या खोल्यांमध्ये खेळायचे. डॉयल ब्रन्सन, 'अमरिलो स्लिम' प्रेस्टन आणि 'सेलर' रॉबर्ट्स हे तिघं तर एकाच गाठोड्यातल्या पैशांवर कित्येक वर्षं एकत्र फिरले. भीती तिन्हीकडून, पोलिसांची, दरोडेखोरांची आणि लबाड पत्तेवाल्यांची. हा ब्रन्सन शिक्षण प्रशासनातला मास्टर्स, कॉलेजातला नावाजलेला बास्केटबॉलपटू. कामावर पाय मोडला आणि खेळ सुटला. वेगळ्या काळात जन्मता तर कुठल्यातरी शाळेचा हेडमास्तर झाला असता.

नेवाडा राज्यात मात्र १९३१ पासून जुगाराला परवानगी होती. तिथे लास वेगासच्या कॅलिफोर्निया क्लबमध्ये १९६३ साली कॉर्की मॅकॉर्कोडेल या टेक्सासवाल्याने होल्डेम आणलं. १९७० मध्ये बेनी बिनियनने आपल्या हॉर्सशू कसिनोत 'वर्ल्ड सिरीज ऑफ पोकर' भरवली. त्या वर्षी विजेता चक्क मतदानाने ठरला, जॉनी मॉस. १९७१ पासून पद्धत बदलली. सगळ्यांनी सारखी रक्कम भरायची, सारखे चिप्स घ्यायचे, संपले की घरी जायचं. शेवटी उरेल तो जिंकला.

हा बदल किती मोलाचा आहे ते मला आमच्या फ्लॅटवर कळलं. आम्ही पाच जण पहिल्यांदा खेळलो ते शेंगदाण्यांवर. पैसे नकोत हे आधीच ठरलं होतं. झालं काय, तर कोणी फोल्डच करेना! हातात सत्ती-दुर्री घेऊन गडी रिव्हरपर्यंत हजर, कारण शेंगदाणे गेले तर गेले, उरलेले खायचेच होते. बेट कितीही लावा, कोणी घाबरत नाही. घाबरत नाही म्हणजे थापही चालत नाही. चार चालींचा तो सुंदर सांगाडा पार कोसळला, राहिली नुसती लॉटरी. पुढच्या शनिवारी आम्ही १९७१ चा नियम लावला. सारखे चिप्स, आणि जो पहिला बाद होईल त्याने सगळ्यांची भांडी घासायची. त्या रात्री टेबलावर अशी शांतता, की डेडलाइनच्या आदल्या दिवशी ऑफिसात नसते.

माझ्या मते इथेच या खेळाची खरी गोम आहे. हरण्याची किंमत नसेल तर पोकर, पोकर राहत नाही. क्रिकेट, बुद्धिबळ, झब्बू हे सगळं फुकटात रंगतं. पोकरमध्ये मात्र किंमत हाच कच्चा माल. उदाहरण घ्या. टर्ननंतर तुमचे चार बदाम आहेत, पाचवा आला की कलर. न दिसलेले पत्ते ४६, त्यात बदाम ९, म्हणजे शक्यता साधारण २० टक्के. पॉटमध्ये १०० आहेत आणि समोरच्याने ५० लावले. म्हणजे १५० मिळवायला तुम्ही ५० मोजणार. हे परवडायला शक्यता निदान २५ टक्के हवी. नाही, तर पत्ते टाका. त्याने २० च लावले असते तर? मग खुशाल राहा. पत्ते तेच, बदाम तेच, फक्त किंमत बदलली आणि उत्तर बदललं.

थापेचंही तसंच. फॉन नॉयमान, हो, तोच आपला कॉम्प्युटर आर्किटेक्चरवाला, त्याने १९२८ च्या लेखात खेळांचं गणित मांडलं आणि १९४४ मध्ये मॉर्गनस्टर्नबरोबरच्या ग्रंथात पोकरच्या एका सोप्या नमुन्याचं सविस्तर विश्लेषण केलं. निष्कर्ष मजेदार आहे. थाप मारायची ती मध्यम पानांवर नाही, सर्वांत वाईट पानांवर. मध्यम पान शो होऊन जिंकूही शकतं, फालतू पानाला थापेवाचून गत्यंतर नाही.

याचं जगप्रसिद्ध प्रात्यक्षिक २००३ च्या वर्ल्ड सिरीजमध्ये झालं. टेनेसीचा २७ वर्षांचा एक अकाउंटंट, आडनाव (खरंखुरं!) मनीमेकर. इंटरनेटवर शंभर डॉलरपेक्षा कमी भरून पात्रता फेरी जिंकला आणि १०,००० डॉलर प्रवेश फी असलेल्या स्पर्धेत पोचला. शेवटच्या दोघांत समोर मुरलेला सॅम फारहा. एका डावात टेबलावर ९, २, ६, ८, ३. फारहाकडे राणी-नव्वी, म्हणजे नव्व्यांची जोडी. मनीमेकरकडे राजा-सत्ती, म्हणजे काहीच नाही. त्याने सगळे चिप्स पुढे सारले. फारहाने विचार केला, केला आणि पत्ते टाकले. पालथे पत्ते दाखवणाऱ्या कॅमेऱ्यामुळे हे घरबसल्या सगळ्यांनी पाहिलं. ८३९ जणांतून मनीमेकर २५ लाख डॉलर घेऊन गेला. दुसऱ्या वर्षी २,५७६ जण आले, २००६ मध्ये ८,७७३. टीव्हीलाही होल्डेमच सोयीचं, कारण प्रत्येकाचे दोनच पत्ते दाखवायचे असतात ना!

मग हे कौशल्य की जुगार? जानेवारी २०१७ मध्ये कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या लिब्रेटस या प्रोग्रॅमने चार व्यावसायिकांना २० दिवसांत १,२०,००० डाव खेळून सपशेल हरवलं. नुसतं नशीब असतं तर हे अशक्य होतं. पण आकडा परत वाचा. एक लाख वीस हजार डाव. कौशल्य दिसायला इतकं खेळावं लागतं, आणि वीकांताला चाळीस-पन्नास डाव खेळणाऱ्याच्या वाट्याला बहुतेक नशीबच येतं. वर क्लबवाला प्रत्येक पॉटमधून आपली कट कापून घेतो. म्हणजे टेबलावर बसलेल्यांची बेरीज शून्य नाही, शून्याच्या खाली.

सरकारांनीही आपापली उत्तरं दिलीत. अमेरिकेत २००६ मध्ये ऑनलाइन जुगाराच्या पैशांची वाट अडवणारा कायदा झाला, आणि १५ एप्रिल २०११ ला तिथल्या न्याय खात्याने बड्या पोकर साइट्स बंद पाडल्या. कित्येकांचे पैसे अडकले. आपल्याकडे गोव्यातल्या कसिनोंमध्ये पोकरची टेबलं आहेत, पण २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला, कौशल्याचा खेळ असो वा नशिबाचा.

मला या सगळ्यात सर्वांत शहाणा वाटतो तो एक जुना नियम. त्याला टेबल स्टेक्स म्हणतात. डाव सुरू होताना तुमच्यापुढे टेबलावर जेवढं आहे तेवढंच तुम्ही लावू शकता. कमी पडलं तर आहे तेवढ्यावर 'ऑल इन', आणि त्यापुढचे पैसे बाकीच्यांचा वेगळा पॉट. सिनेमात घराचे कागद टेबलावर फेकतात ना, ते इथे चालत नाही. पण हा नियम एका डावापुरताच. डाव संपला की खिशात हात घालून आणखी चिप्स घ्यायला मोकळे. तिथे पोकरचा कुठलाच नियम तुम्हाला अडवत नाही, तो आपला आपणच करावा लागतो.

म्हणून खेळा जरूर. किंमत ठेवा, पण भांड्यांइतकी.