३५५ विरुद्ध १६९ : जानेवारी १९६६ मधील आठ दिवसांचे गणित

११ जानेवारी १९६६. ताश्कंद करारावर सही करून काही तास उलटतात न उलटतात तोच लालबहादूर शास्त्री यांचे तेथेच निधन झाले. गुलझारीलाल नंदा यांनी दुसऱ्यांदा हंगामी पंतप्रधान म्हणून शपथ घेतली. त्यानंतर आठच दिवसांनी, १९ जानेवारीला, काँग्रेसच्या संसदीय पक्षाने गुप्त मतदानाने नवा नेता निवडला : इंदिरा गांधी ३५५, मोरारजी देसाई १६९.

हा निकाल आपण सारे पाठ्यपुस्तकातून शिकलो. परंतु या आठ दिवसांत दिल्लीत कोणते हिशेब मांडले जात होते, हे मात्र क्वचितच सांगितले जाते. आजचा धागा त्या हिशेबांचा आहे. थोडा लांब आहे, सवडीने वाचा.

प्रथम मतदार कोण होते ते पाहू. सामान्य जनता नव्हे, पक्षाचे साधे सभासदही नव्हेत. मतदार होते काँग्रेसचे लोकसभा आणि राज्यसभेतील खासदार. चौथी सार्वत्रिक निवडणूक फेब्रुवारी १९६७ मध्ये व्हायची होती, म्हणजे जेमतेम तेरा महिने हाती होते. लोकसभेतील प्रत्येक खासदाराला दोन प्रश्न पडलेले असणार. माझे तिकीट कोणाच्या हाती आहे? आणि कोणाचे नाव घेऊन मी मते मागू शकेन?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर होते राज्याचा मुख्यमंत्री आणि प्रदेश काँग्रेस. नेहरूंच्या अखेरच्या वर्षांत सत्तेचा काटा दिल्लीकडून राज्यांकडे झुकला होता. १९६३ च्या कामराज योजनेने मोरारजीभाईंसह अनेक बडे मंत्री सरकारबाहेर पडले आणि पुढे कामराज स्वतः पक्षाध्यक्ष झाले. कामराज, अतुल्य घोष, स. का. पाटील, निजलिंगप्पा, संजीव रेड्डी या मंडळींना वृत्तपत्रांनी ‘सिंडिकेट’ हे नाव दिले. १९६४ मध्ये शास्त्रीजींची निवड याच मंडळींनी ‘सर्वसंमती’ने घडवून आणली. खासदारांची मते खासगीत विचारायची आणि कौल कामराजांनी जाहीर करायचा, अशी ती रीत होती. मोरारजीभाई त्या वेळी मुकाट्याने बाजूला झाले. १९६६ मध्ये त्यांनी ठणकावून सांगितले की, या खेपेस मतदानच होऊ द्या.

आता उमेदवारांकडे वळू. कामराजांचे स्वतःचे नाव पुढे आले होते. हिंदी आणि इंग्रजीवर पुरेशी पकड नसलेल्या माणसाने हा देश कसा चालवायचा, या विचाराने त्यांनी ते बाजूला सारले. नंदांची इच्छा होती, पण पाठीशी बळ नव्हते. यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री होते. १९६५ च्या युद्धाने त्यांची प्रतिमा उजळली होती आणि महाराष्ट्र एकजुटीने त्यांच्यामागे होता. मात्र एका राज्याच्या बळावर दिल्ली मिळत नाही, हे त्यांनी ओळखले आणि आपले वजन इंदिराजींच्या पारड्यात टाकले. याला कोणी धूर्तपणा म्हणते, कोणी कचखाऊपणा. माझ्या मते ते त्या आठवड्यातील सर्वांत थंड डोक्याचे गणित होते.

राहिले दोघे. मोरारजीभाईंचा अनुभव वादातीत होता : मुंबई राज्याचे मुख्यमंत्रिपद, केंद्रात वाणिज्य आणि अर्थ खाते. पण ‘मते कोण खेचेल’ या दुसऱ्या प्रश्नावर त्यांची बाजू लंगडी पडत होती. १९५२ च्या पहिल्याच निवडणुकीत ते विधानसभेला अवघ्या १९ मतांनी पडले होते. तरीही पक्षाने त्यांना मुख्यमंत्री केले. संघटनेवर हुकमत, मतदारावर नाही, हे चित्र तेव्हापासूनचे. संयुक्त महाराष्ट्राच्या आंदोलनात त्यांच्या राजवटीत झालेला गोळीबार मराठी माणूस विसरला नव्हता. १९५७ मध्ये पश्चिम महाराष्ट्रात काँग्रेसची दाणादाण उडाली आणि खुद्द यशवंतराव कराडमधून कसेबसे निसटले. पुढे अर्थमंत्री या नात्याने मोरारजीभाईंनी १९६३ मध्ये सुवर्ण नियंत्रण आणले. १४ कॅरेटहून अधिक शुद्धतेचे नवे दागिने घडवण्यास बंदी आली आणि देशभरातील सोनारांच्या पोटावर पाय आला. लग्नसराईत प्रत्येक घराला टोचेल असा हा निर्णय होता. दक्षिणेत हिंदीचा आग्रही पुरस्कर्ता ही त्यांची ओळख, आणि १९६५ च्या आरंभी मद्रास राज्य हिंदीविरोधी आंदोलनाने पेटलेले. कामराजांसारख्या मद्रासच्या नेत्याला हे नाव घेऊन तेथे मते मागणे कितपत सोयीचे झाले असते?

इंदिराजींकडे प्रशासनाचा अनुभव थोडा होता. शास्त्रीजींच्या मंत्रिमंडळात माहिती व नभोवाणी हे तुलनेने लहान खाते, आणि तेही राज्यसभेच्या सदस्य म्हणून. लोकसभेची निवडणूक त्यांनी तोवर एकदाही लढवलेली नव्हती. परंतु नेहरूंची कन्या ही ओळख प्रत्येक खेड्यात पोहोचलेली होती. मद्रासमध्ये दंगली भडकल्या तेव्हा त्या तेथे धावून गेल्या. ऑगस्ट १९६५ मध्ये घुसखोरी सुरू झाली तेव्हा त्या श्रीनगरमध्ये होत्या. एखाद्या प्रांताच्या, भाषेच्या वा जातीच्या गटाने त्यांच्यावर आपला शिक्का मारलेला नव्हता. आणि सिंडिकेटच्या हिशेबात आणखी एक रकाना होता, उघडपणे न बोलला जाणारा : या बाई आपल्या मुठीत राहतील.

येथे जरा थांबू या. सिंडिकेटला एकाच व्यक्तीमध्ये दोन गुण हवे होते : जनतेची मते खेचण्याची ताकद आणि पक्षश्रेष्ठींपुढची नम्रता. हे दोन्ही एकत्र दीर्घकाळ नांदू शकत नाहीत. ज्याला मते थेट मिळतात त्याला मध्यस्थाची गरज उरत नाही. या मुरब्बी मंडळींना ही विसंगती दिसली नसेल असे मला वाटत नाही. पण मोरारजीभाईंना रोखणे ही निकड इतकी मोठी होती की, पुढचे पुढे पाहू, असा विचार त्यांनी केला असावा.

द्वारकाप्रसाद मिश्र यांच्या पुढाकाराने बहुसंख्य मुख्यमंत्री इंदिराजींच्या बाजूने उभे राहिले, तेव्हाच निकाल जवळपास ठरला. मग १६९ या आकड्याचे महत्त्व काय? पक्षाध्यक्ष विरोधात, बहुतेक मुख्यमंत्री विरोधात, पुढच्या वर्षीचे तिकीट पणाला, आणि तरीही जवळजवळ एक तृतीयांश खासदारांनी गुप्त मतपत्रिकेवर मोरारजीभाईंचे नाव पसंत केले. ‘सर्वसंमती’च्या रीतीने गेले असते तर ही नाराजी कागदावर उमटलीच नसती.

आणि प्रत्यक्ष निवडणुकीत काय झाले? दुष्काळ, महागाई आणि जून १९६६ मधील रुपयाचे अवमूल्यन यांनी वातावरण बिघडले होते. इंदिराजींनी देशभर झंझावाती दौरे केले. भुवनेश्वरच्या सभेत दगड लागून त्यांच्या नाकाचे हाड मोडले. तरीही लोकसभेत काँग्रेस ३६१ वरून २८३ वर घसरली आणि मद्रास, केरळ, बिहार, पश्चिम बंगाल, पंजाब, ओडिशा अशा अनेक राज्यांत बहुमत गेले. म्हणजे ‘मते खेचणारा चेहरा’ हा अंदाज १९६७ पुरता तरी फसला. महाराष्ट्राने मात्र ४५ पैकी ३७ जागा काँग्रेसला दिल्या. त्याचे श्रेय दिल्लीच्या चेहऱ्यापेक्षा यशवंतरावांनी आणि वसंतराव नाईकांनी बांधलेल्या घडीला अधिक जाते.

गंमत अशी की, इतरांची मते मोजणारे स्वतःच पडले. कामराज आपल्या विरुधुनगरमध्ये एका विद्यार्थी नेत्याकडून सुमारे १३०० मतांनी हरले. दक्षिण मुंबईत स. का. पाटलांना जॉर्ज फर्नांडिसांनी धूळ चारली. अतुल्य घोषही पडले. इंदिराजी रायबरेलीतून आणि मोरारजीभाई सुरतेतून निवडून आले. ज्यांनी त्यांना पंतप्रधान केले त्यांच्यापैकी कित्येकांना संसदेचे दार बंद झाले, आणि इंदिराजींवरचा लगाम आपोआप सैल झाला. मोरारजीभाई पुन्हा लढण्याच्या तयारीत होते. तडजोड होऊन ते उपपंतप्रधान आणि अर्थमंत्री झाले. १९६९ मध्ये त्यांचे अर्थ खाते काढून घेतले गेले, वर्षअखेरीस पक्ष फुटला. १९७१ मध्ये इंदिराजींच्या काँग्रेसला ३५२ जागा मिळाल्या, सिंडिकेटच्या काँग्रेसला १६. १९६६ मध्ये वर्तवलेली मते खेचण्याची ताकद अखेर दिसली, ती ज्यांनी वर्तवली त्यांच्याच विरोधात.

आता शेवटची नोंद. मार्च १९७७ मध्ये जनता पक्षाला नेता निवडायचा होता. मोरारजी देसाई, जगजीवनराम आणि चरणसिंग अशी तीन नावे होती. खासदारांचे मतदान झालेच नाही. निर्णय जयप्रकाश नारायण आणि आचार्य कृपलानी यांच्यावर सोपवला गेला, आणि १९६६ मध्ये ‘मतदानच हवे’ म्हणून अडून बसलेले मोरारजीभाई वयाच्या ८१ व्या वर्षी सर्वसंमतीने पंतप्रधान झाले.