प्राझोसिनचा माग : कोकणातल्या विंचूदंशाच्या नोंदी

‘लॅन्सेट’ या ब्रिटिश वैद्यकीय साप्ताहिकाच्या मार्च १९८६च्या अंकात पान ५१० आणि ५११वर एक छोटा मजकूर आहे. विषय : विंचूदंशानंतर हृदयावर आणि रक्ताभिसरणावर होणाऱ्या परिणामांसाठी प्राझोसिन हे औषध. लेखक दोघे : एच. एस. बावस्कर आणि पी. एच. बावस्कर. वैद्यकीय लेखांच्या साडेतीन कोटींहून अधिक नोंदी असलेल्या पबमेड या माहितीकोशात ‘प्राझोसिन’ आणि ‘स्कॉर्पियन’ हे दोन शब्द एकत्र टाकले की या विषयावरच्या सुरुवातीच्या नोंदींत ती सापडते. तिला सारांश नाही. आहे ते मथळा, लेखकांची नावे, नियतकालिक, वर्ष, पाने आणि विषयशब्द.

अशाच नोंदी आणि त्यांच्यामागचे मूळ लेख एकापुढे एक लावून, महाड ते चिपळूण या पट्ट्यात विंचूदंशावरचा उपचार कसा बदलत गेला हे मांडण्याचा हा प्रयत्न आहे. कागद थोडे आहेत आणि एकांगीही आहेत. कोणत्या औषधाचे नाव घेऊन शोधायला बसावे, यावर कोणता इतिहास हाती लागेल हे ठरते.

आधी आजार समजून घेऊ. कोकणातला तांबडा विंचू डसला की काही रुग्णांत दुखण्यापेक्षा भलतीच लक्षणे पुढे येतात. उलट्या, दरदरून घाम, तोंडाला लाळ, पुरुषांत लिंगाचा न उतरणारा ताठरपणा, गार पडलेले हातपाय. विषामुळे चेतातंतूंतले सोडियमचे मार्ग उघडे राहतात, अ‍ॅड्रिनलिनच्या जातीची द्रव्ये रक्तात लोटली जातात, रक्तवाहिन्या आवळतात, रक्तदाब चढतो. मग थकलेले हृदय रक्त पुढे ढकलेनासे होते आणि फुफ्फुसांत पाणी भरते. विंचू उतरवणाऱ्याकडे नेलेला माणूस पहाटेपर्यंत धापा टाकत दवाखान्यात येतो, तो या टप्प्यावर.

यावरचा जुना भक्कम कागद म्हणजे जे. एफ. केयस आणि के. एस. म्हसकर यांचा भारतीय विंचवांवरचा प्रबंध. तो ‘इंडियन मेडिकल रिसर्च मेमॉयर्स’ या मालेत १९३२ साली निघाला. पबमेडमधल्या नियमित नोंदी १९४६च्या आसपास सुरू होतात. त्यामुळे म्हसकरांपर्यंत पोचायचे ते नंतरच्या लेखांच्या संदर्भयाद्यांतून. १९६१ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये पी. एम. मुंडले यांनी विंचूदंशानंतर फुफ्फुसांत पाणी भरण्याबद्दल लिहिले. माणूस नेमका कशाने दगावतो हे त्यातून छापील नोंदीत आले. त्यावरचे औषध अजून आले नव्हते.

१९८६च्या मजकुरातले एच. एस., म्हणजे डॉ. हिंमतराव बावस्कर, मूळचे जालना जिल्ह्यातल्या देहेड गावचे. १९७६ साली ते महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. ‘लॅन्सेट’मधला त्यांचा १९८२चा लेख लक्षणांवर आहे : कोणत्या खुणा दिसल्या की या रुग्णाचे हृदय धोक्यात येणार हे ओळखावे. मथळ्यात एकाही औषधाचे नाव नाही. औषधाच्या नावाने शोधणाऱ्याला हा लेख लागणार नाही. पण कोणाला गोळी द्यायची हे १९८२च्या खुणांवरूनच ठरत असल्याने १९८६चा मजकूर त्याशिवाय उभाच राहत नाही.

आता प्राझोसिन. हे फायझर कंपनीचे रक्तदाबाचे औषध. १९६८ साली त्याच्या गटातल्या रसायनांवरचे पहिले प्रयोग छापून आले, तेव्हा त्याला नाव नव्हते, सीपी-१२,२९९ असा कंपनीचा क्रमांक होता. पुढे मिनिप्रेस या व्यापारी नावाने ते १९७६ साली अमेरिकेत विक्रीला आले. रसायनांच्या जागतिक नोंदवहीत त्याचा क्रमांक १९२१६-५६-९. एकाच द्रव्याची ही चार तोंडे. पबमेडच्या मागे ‘मेश’ नावाची विषयशब्दांची नियंत्रित यादी असते. १९६०पासून ती अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यकीय ग्रंथालयात चालू आहे. शोधपेटीत मिनिप्रेस लिहिले तरी यंत्रणा ते प्राझोसिन या मथळ्याशी जोडते आणि दोन्हीकडच्या नोंदी काढते. मात्र शब्द अवतरणचिन्हांत टाकला किंवा शेवटी तारका लावून अर्धवट लिहिला, तर ही जोडणी बंद पडते. मग लिहिलेली अक्षरे जिथे जशीच्या तशी आहेत तेवढेच मिळते. सारांश नसलेल्या १९८६च्या मजकुराचे औषध मथळ्यातच असल्याने तो दोन्ही रीतींनी सापडतो. मथळ्यात ते नसते, तर सारी भिस्त नोंद करणाऱ्याने जोडलेल्या विषयशब्दांवर राहिली असती.

नुसते प्राझोसिन शोधले तर विंचू दिसतसुद्धा नाही. रक्तदाब, पहिल्या मात्रेनंतर येणारी भोवळ, प्रोस्टेट, युद्धातून परतलेल्या सैनिकांची दुःस्वप्ने अशा हजारो नोंदींच्या ढिगात कोकणातले मूठभर लेख बुडून जातात. म्हणून औषधाला विंचवाचे नाव जोडावे लागते, आणि तिथे दुसरी अडचण येते. या विंचवाला फॅब्रिसियसने १७९८ साली शास्त्रीय नाव दिले. त्यातले ‘टॅम्युलस’ टिकले, पण प्रजातीचे नाव फिरत राहिले : ब्यूथस, मग मेसोब्यूथस, आणि आता हॉटेंटोटा. आर. आय. पोकॉकने १९००च्या सुमारास कोकणातल्या प्रकाराला ‘कोंकनेन्सिस’ म्हटले. १९९६ साली बावस्करांच्या लेखात मेसोब्यूथस आहे. दोन वर्षांनी, १९९८ साली, परळच्या हाफकिनमध्ये तयार झालेल्या विंचूप्रतिविषावरचा, म्हणजे बोलीतल्या लशीवरचा, कणकोणकर, कुलकर्णी आणि हुलिकवी यांचा लेख ‘जर्नल ऑफ पोस्टग्रॅज्युएट मेडिसिन’मध्ये आला, त्याच्या मथळ्यात ब्यूथस आहे. नुसत्या नव्या नावाने शोधले तर लस कशी तयार झाली हे निसटते.

जुन्या नावाने शोधावे तर वेगळाच पसारा पुढे येतो. १९९० साली याच ब्यूथस टॅम्युलसच्या विषातून आयबेरिओटॉक्सिन नावाचे छोटे प्रथिन वेगळे काढले गेले. पेशीतले पोटॅशियमचे एक विशिष्ट मार्ग ते बंद करते, म्हणून जगभरच्या प्रयोगशाळांत ते अभ्यासाचे साधन झाले. नावाच्या शोधात उंदरांच्या रक्तवाहिन्यांवरचे असे लेख भरपूर येतात आणि त्यात चिपळूणच्या रुग्णाचा मागमूस नसतो.

सर्वांत बोलका पुरावा विंचूप्रतिविषाच्या नावांचा आहे. १९९१ साली बावस्कर दांपत्याच्या लेखाच्या मथळ्यातच प्रश्न होता : रक्तद्रव्याची उपचारपद्धती, म्हणजे ‘सेरोथेरपी’, आवश्यक आहे का? २००७ साली ‘जर्नल ऑफ द असोसिएशन ऑफ फिजिशियन्स ऑफ इंडिया’मधल्या त्यांच्या लेखात ‘अँटिव्हेनिन’ विरुद्ध प्राझोसिन अशी तुलना आहे. २०११च्या ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मधल्या चाचणीत शब्द ‘अँटिव्हेनम’ आहे आणि त्याच्यापुढे ‘प्लस प्राझोसिन’. रत्नागिरी जिल्ह्यातले लेख यासाठी ‘अँटि-स्कॉर्पियन व्हेनम सीरम’ आणि त्याची आद्याक्षरे वापरतात. अँटिव्हेनम आणि अँटिव्हेनिन यांना मेश एकाच मथळ्याखाली आणते, पण स्थानिक आद्याक्षरांचे लेख हुकू नयेत म्हणून ती वेगळी लिहून शोधावीच लागतात. चारही नावांच्या नोंदी सालवारीने लावल्या की मत कसे वळले ते दिसते : १९९१ साली लशीच्या गरजेबद्दल शंका, २००७ साली समोरासमोर तुलना, २०११ साली दोन्ही औषधे एकत्र.

२०११ची चाचणी आकड्यांसकट पाहू. महाडच्या बावस्कर रुग्णालयात विषबाधेच्या दुसऱ्या श्रेणीतल्या ७० रुग्णांची यादृच्छिक रीतीने दोन गटांत विभागणी झाली. प्रतिविष आणि प्राझोसिन दोन्ही मिळालेल्या ३५ पैकी ३२ जण दहा तासांत पूर्ण बरे झाले, नुसते प्राझोसिन मिळालेल्या ३५ पैकी ८. बरे होण्याचा सरासरी वेळ एकीकडे ८ तास, दुसरीकडे १७.७ तास. ज्या डॉक्टरांमुळे प्राझोसिनचे नाव जगात गेले, त्यांच्याकडूनच प्राझोसिन एकटे पुरेसे वेगवान नाही हा पुरावाही आला. त्याआधीच्या काळाबद्दल बावस्करांच्या लेखनात वारंवार येणारा दावा असा : प्राझोसिनपूर्वी, १९६१ ते १९८३ या काळात, गंभीर रुग्णांपैकी २५ ते ३० टक्के दगावत, नंतर हे प्रमाण एक टक्क्याच्याही खाली आले. हा उपचार सुरू करणाऱ्या डॉक्टरांनीच तो मांडला आहे, हे लक्षात ठेवून तो वाचायला हवा.

महाडहून कशेडी घाट उतरून रत्नागिरी जिल्ह्यात आलो की कागदांचा सूर बदलतो. चिपळूण तालुक्यातल्या डेरवणच्या वालावलकर रुग्णालयातून विवेक नातू आणि सहकाऱ्यांचे दोन लेख आहेत. २००६चा लेख या विंचवासाठीच बनवलेल्या लशीच्या अनुभवावर आहे. २०१०चा ‘जर्नल ऑफ पोस्टग्रॅज्युएट मेडिसिन’मधला लेख गंभीर दंशात प्राझोसिनपेक्षा लशीचा गुण जास्त असल्याचे मथळ्यातच सांगतो. २००६च्या लेखकांत के. आर. के. मूर्ती हे नाव आहे आणि ते तिसऱ्याच औषधाचा माग दाखवते. सप्टेंबर १९९४च्या ‘टॉक्सिकॉन’मध्ये पान १०३१ ते १०४०वर बावस्करांचा रक्तवाहिन्या सैल करणाऱ्या औषधांवरचा लेख आहे, आणि लगेच १०४१पासून मूर्ती व एन. के. हसे यांचा इन्सुलिनवरचा. एकाच अंकात, पाठोपाठच्या पानांवर, एकाच विंचवाच्या विषावर दोन वेगळे उपचार. इन्सुलिन आज या चर्चेत मागे पडले आहे. प्राझोसिन या शब्दाने शोधणाऱ्याला तो दुसरा लेख भेटेलच असे नाही.

मागे पडलेल्या औषधांची यादी आणखी आहे. सोडियम नायट्रोप्रुसाइड शिरेतून थेंबाथेंबाने द्यायचे, रक्तदाबावर सतत नजर ठेवायची, म्हणजे अतिदक्षता विभाग हवा. प्राझोसिनची गोळी तोंडाने देता येते. बिरवाडीसारख्या ठिकाणी पुढे कोणते औषध टिकणार हे या फरकावरून उमजते.

शेवटी जिल्ह्याच्या नावाचा प्रश्न. पबमेडमध्ये ‘रत्नागिरी’ टाकून विंचूदंशाचे लेख शोधले तर डेरवणचे लागतात, कारण पत्त्याच्या रकान्यात जिल्हा आहे. पण लेखकाचा पत्ता नोंदवायला सुरुवात झाली १९८८ साली, तोही पहिल्या लेखकाचाच. सर्वांचे पत्ते येऊ लागले २०१४पासून. लेखकांची पूर्ण नावे २००२पासून मिळतात, त्याआधी आद्याक्षरे. त्यामुळे १९८६च्या नोंदीत महाड हे नाव शोधपेटीला सापडेल असे नाही, आणि प्रमोदिनी बावस्कर या डॉक्टर ‘पी. एच.’ एवढ्याच उरतात. ज्या गावाने आणि ज्या स्त्रीने हे काम केले, त्यांच्याबद्दल नोंद मुकी आहे.

इतक्या कागदांवरून ठामपणे म्हणता येते ते असे. नुसते प्राझोसिन शोधले तर महाडच्या एका शोधाची गोष्ट मिळते. लशीची चारही नावे, विंचवाची तीनही नावे, इन्सुलिन आणि नायट्रोप्रुसाइड मिळून शोधले तर ती महाड, डेरवण आणि परळ यांच्यातल्या वीस वर्षांच्या वादाची गोष्ट होते, आणि त्या वादातून दोन्ही औषधे एकत्र देण्याचा निष्कर्ष पुढे आला. पहिली गोष्ट खोटी नाही, पण तिच्यात निर्णय आहे आणि वाद नाही. १९८८पूर्वीचा रत्नागिरी जिल्हा या माहितीकोशात जवळजवळ दिसत नाही. तो शोधायचा तर प्राथमिक आरोग्य केंद्रांचे केसपेपर आणि तालुक्यांच्या मृत्युनोंदी उघडाव्या लागतील. तिथे औषधाचे नाव कंपाउंडरच्या अक्षरात असेल आणि आजाराच्या रकान्यात बहुधा एकच शब्द असेल : विंचूदंश.