लॉस एंजेलिसच्या गोळ्याचं कूळ

खडी तपासण्याच्या प्रयोगशाळेत ‘लॉस एंजेलिस’चं पिंप फिरू लागलं की शेजारच्याशी बोलणं बंद होतं. आत पाच किलो खडी, सोबत बारा पोलादी गोळे, मिनिटाला 30 ते 33 फेरे, असे एकूण 500. मग 1.70 मिलिमीटरच्या चाळणीवर उरलेला माल तोलायचा. जी तूट आली ती झीज. रस्त्याच्या पृष्ठभागाच्या काँक्रीटसाठी ती 30 टक्क्यांवर गेली की खडी नापास.

हातोडा मारून दगड खणखणीत वाजतो की बद्द, हे पाहणं फार जुनं. त्याला आकडा दिला फ्रान्समधल्या देव्हाल चाचणीने. तिच्यात दगडावर दगडच घासायचा, 10,000 फेरे. गोळा नव्हताच. तो आला 1920च्या दशकात, लॉस एंजेलिस शहराच्या प्रयोगशाळेत.

पण आला कुठून? सिमेंट दळणाऱ्या बॉल मिलमधून, असं कोणीही पटकन म्हणेल. मला ते पटत नाही. मिलचं काम दळणं, मोजणं नव्हे. त्याच सुमारास अमेरिकेत रस्ते विटांचेही होत, आणि त्या विटा ‘रॅटलर’ नावाच्या पिंपात बिडाच्या गोळ्यांसह खुळखुळवत. त्यातला लहान गोळा 1.875 इंचांचा, म्हणजे 47.6 मिलिमीटर. वजन 0.95 पौंड, म्हणजे 431 ग्रॅम. गती मिनिटाला सुमारे 30 फेरे. आता आपलं खडीच्या चाचण्यांचं भारतीय मानक आयएस 2386 (1963) उघडा: गोळा सुमारे 48 मिलिमीटर, वजन 390 ते 445 ग्रॅम. हे आकडे शेजारी मांडले तेव्हा मी खुर्चीतून उठलो. इतकं साम्य योगायोगाने येत नाही. रॅटलरमध्ये मोठे गोळेही असत आणि फेरे 1800, हा आक्षेप मान्य. लॉस एंजेलिसच्या पिंपातली आडवी फळीही विटांच्या घरची नाही. गोळे उचलून आपटणारी ती फळी लॉस एंजेलिसकरांनीच घातली असणार.

कूळ कळलं की स्वभाव कळतो. विटांच्या रस्त्याचे वैरी घोड्याचे नाल आणि गाडीच्या चाकाची लोखंडी धाव. म्हणून हे पिंप कोरड्या दगडाला फक्त मार देतं, पाणी दाखवत नाही. आपल्या काळ्या दगडात मात्र कुठे कुठे हिरवट, मऊ खनिज असतं. मार सोसलेला असा दगड पावसाळ्यांत भिजून-वाळून खिळखिळा होऊ शकतो. त्यासाठी सोडियम सल्फेटच्या द्रावणातली पाच आवर्तनांची चाचणी वेगळी आहे. खडीचा अहवाल हाती आला तर झिजेच्या आकड्यावर थांबू नका, या चाचणीचाही रकाना वाचा.